मागच्या खोलीचं नेटवर्क सारखं तुटतंय, तिसरा स्विच घेऊ का?

शाईवाला | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. पुढच्या खोलीत डिझाइनचे चार संगणक. मागच्या खोलीत प्रिंटिंग मशीन, त्याला जोडलेला एक संगणक आणि शेजारी बिलांचा एक. सगळ्या फाइली पुढच्या एका संगणकावर असतात, बाकीचे तिथूनच उघडतात. सगळं केबलवर, वायफाय फक्त मोबाइलपुरतं.

तर नेट मध्येच जातं. दिवसातून कधी दोनदा, कधी वीसदा. दहा-पंधरा सेकंदांत आपोआप येतं, पण मशीन तोवर फाइल अर्धवट टाकून उभं राहतं. परवा भाऊंच्या वाढदिवसाचा वीस बाय दहाचा बॅनर लावला होता. भाऊ नाकापर्यंत छापले आणि मशीन थांबलं. फ्लेक्स वाया, वर कार्यकर्ते दारात उभे.

दोन महिन्यांपूर्वी जुना १०० एमबीपीएसचा स्विच (सगळ्या केबली जिथे येऊन जुळतात तो डबा) काढून गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा घेतला, मोठ्या फाइली लवकर जाव्यात म्हणून. तेव्हापासून हा ताप. दुकानदाराने बदलून दुसऱ्या कंपनीचा दिला, तरी तेच. ज्याने केबल टाकली त्याला बोलावलं, त्याने टेस्टर लावून दाखवला, आठही दिवे ओळीने लागतात. म्हणजे केबल ठीक आहे. मग तिसरा स्विच घेऊ का?

आणि हो, ऑफिसचा लेझर प्रिंटर रोज साडेअकराच्या सुमारास ऑफलाइन दाखवतो. गणपती तोंडावर आलेत, कृपया लवकर सांगा.

---

रिस्टार्ट_करून_बघा | सोमवार, रात्री ११.०५

स्विच घेऊ नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या (संगणकात नेटवर्कची केबल लागते त्या कार्डाच्या) प्रॉपर्टीजमध्ये जा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची टिक असते, ती काढा. ॲडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट असेल तर तेही बंद करा. ड्रायव्हर ताजा घाला. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

---

सावळागोंधळ | सोमवार, रात्री ११.२०

कसली केबल घेऊन बसलात राव. चांगला राउटर घ्या आणि सगळं वायफायवर टाका.

---

मुक्काम_शारजा | सोमवार, रात्री ११.५२

सावळागोंधळ, सहाशे एमबीची फाइल वायफायवरून मशीनला सोडून बघा आणि मग सांगा. केबलचं दुखणं केबलमध्येच शोधायचं.

शाईवाला, नेटवर्कची केबल आणि लाइटची वायर एकाच केसिंग-पट्टीतून गेली आहे का? इकडे आखातात आम्ही साइटवर पहिल्यांदा तेच बघतो.

---

निशिगंध | मंगळवार, सकाळी ७.१५

सगळ्यांना थोडं थांबवते. एका रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळते, तिथे दिवसातून चार फोन येतात, 'मॅडम, नेट गेलं'. नक्की काय गेलं हे विचारल्याशिवाय मी खुर्चीतून उठत नाही.

शाईवाला, 'नेट जातं' म्हणजे नक्की काय? इंटरनेट जातं, फाइलींचा संगणक दिसेनासा होतो, की कोपऱ्यातल्या चिन्हावर फुली येते? हे तीन निरनिराळे आजार आहेत. आणि जातं ते सहाही संगणकांचं, की काहींचंच?

आज एवढं करा. प्रत्येक संगणकावर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) 'पिंग -टी' आणि पुढे राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) देऊन सोडून द्या. पिंग म्हणजे समोरच्याला 'आहेस का' अशी हाक, '-टी' म्हणजे ती थांबवेपर्यंत चालू. दुसऱ्या खिडकीत फाइलींच्या संगणकाचा पत्ता. दिवसभर चालू द्या. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर समोरून उत्तर आलं नाही. 'जनरल फेल्युअर' आलं तर तुमच्याच संगणकाची लिंक तुटली. हा फरक लिहून ठेवा, वेळेसकट. आणि त्या वेळी दुकानात काय चाललं होतं तेही.

---

घाटावरचा_गणू | मंगळवार, सकाळी ८.०२

निशिगंधताई, कमांड इंग्रजीत टाकायची हे सांगा हो. आमच्या एका मित्राने 'पिंग' देवनागरीत टाइप केलं आणि संगणक मराठीद्वेष्टा आहे म्हणून दिवसभर भांडत बसला.

---

शाईवाला | मंगळवार, रात्री ९.३०

गणूशेठ :)

दिवसभर वही घेऊन बसलो. पॉवरची टिक काल रात्रीच काढली होती, फरक शून्य.

आता जे दिसलं त्याने मीच चाट पडलो. पुढचे चार संगणक दिवसभरात एकदाही तुटले नाहीत. एकदाही नाही! तुटतात ते मागचे दोन. मशीनचा आज अकरा वेळा, बिलांचा चार वेळा. दर वेळी 'जनरल फेल्युअर' आणि चिन्हावर फुली. मी दोन महिने 'सगळं नेट जातं' म्हणून सांगत फिरतोय, कारण मागून पोरगा 'नेट गेलं' म्हणून ओरडला की आम्ही सगळेच हात वर करून बसायचो.

दुसरं म्हणजे अकरापैकी आठ वेळा मशीनचा हीटर नुकताच चालू झाला होता किंवा मोठी फाइल चालली होती. शारजाकरांचं बरोबर आहे, मागे जाणाऱ्या दोन्ही केबली लाइटच्याच पट्टीतून, छताखालून गेल्यात. लांबी असेल पंचवीस मीटर. पुढच्या चौघांना मात्र दुकानातून आणलेल्या तयार केबली आहेत, दोन-तीन मीटरच्या.

---

रिस्टार्ट_करून_बघा | मंगळवार, रात्री ९.४८

मग अर्थिंग. हीटर चालू झाला की तुटतं म्हणजे शंभर टक्के अर्थिंग. इलेक्ट्रिशियनला बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट दाखवतं बघा.

---

मुक्काम_शारजा | मंगळवार, रात्री १०.१०

अर्थिंग तपासायलाच हवं, मशीनवर ओल्या हाताने काम करणारी पोरं असतात. पण पंचवीस मीटर धड केबल शेजारच्या एका हीटरने अकरा वेळा तुटत नाही. लाइटच्या वायरीपासून लांब ठेवा असं आम्हीही सांगतो, तरी चांगली केबल एवढं सोसते. माझा संशय केबलच्या मालावर. आत तांबंच आहे ना? स्वस्त केबलीत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत चंदेरी दिसली की समजा. ती तार कनेक्टरच्या तोंडाशी दोन-चारदा वाकली की आतून तुटते.

---

केबलकाका | मंगळवार, रात्री ११.३६

उशिरा वाचतोय. तीस वर्षं तारा ओढण्यात गेली, आता गुडघे शिडी चढू देत नाहीत म्हणून इथे बसून चढतो.

शाईवाला, दोन प्रयोग करा. एक पैसा लागणार नाही.

पहिला. तीस मीटरची तयार केबल कुणाकडून तरी उसनी आणा. वरच्या पट्टीला हात न लावता जमिनीवरून, दारातून, स्विचपासून थेट मशीनच्या संगणकापर्यंत टाका. येता-जाता पाय अडकतील, एक दिवस सोसा. स्विच तोच, पोर्ट तोच, संगणक तोच, हीटर तोच.

दुसरा. मागच्या संगणकावर ईथरनेटचं स्टेटस उघडा आणि 'स्पीड' समोर काय लिहिलंय ते वाचा. १ जीबीपीएस की १०० एमबीपीएस? तुटून परत आल्यावर पुन्हा वाचा.

आणि जुना १०० चा स्विच फेकला नसेल तर तो जपून ठेवा. तो साक्षीदार आहे.

---

शाईवाला | बुधवार, रात्री ८.५५

काका, दंडवत.

शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडून तीस मीटरची केबल आणली आणि जमिनीवरून टाकली. पोरगा दोनदा अडखळला, चहा सांडला, पण लिंक तुटली नाही. सकाळी दहा ते रात्री आठ, शून्य वेळा. हीटर मुद्दाम बंद-चालू करून बघितला. ६०० एमबीची फाइल सहा-सात सेकंदांत गेली, मी दोनदा घड्याळ बघितलं.

बिलांच्या संगणकाला वरचीच केबल ठेवली होती, तो पाच वेळा तुटला. सकाळी स्पीड १ जीबीपीएस होता, तिसऱ्यांदा तुटून आला तेव्हा १०० एमबीपीएस.

मग त्या संगणकासाठी संध्याकाळी जुना स्विच मधे जोडला. गप्प! एकदाही तुटला नाही.

आता डोकं आणखी गरगरतंय. जुन्या स्विचवर चालतं म्हणजे नवे दोन्ही स्विच खराब? पण जमिनीवरच्या केबलीवर नवा स्विचही चालतो. आणि वरच्या केबलीला टेस्टरचे आठही दिवे लागतात, मी स्वतः दोनदा बघितले: एक, दोन, तीन... आठ, दोन्ही टोकांना एकाच क्रमाने. तार खरवडून बघितली, आत तांबंच आहे.

---

केबलकाका | बुधवार, रात्री ९.२०

साक्षीदार बोलला. आता एकच विचारतो. मागच्या केबलीचा कनेक्टर हातात घ्या. क्लिप खालच्या बाजूला, केबल तुमच्याकडे, सोनेरी पत्त्या वर. मोबाइलचा टॉर्च लावा आणि डावीकडून आठ तारांचे रंग वाचून इथे लिहा. दोन्ही टोकांचे.

---

शाईवाला | बुधवार, रात्री ९.४१

चष्मा लावून वाचतोय. पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-चॉकलेटी, चॉकलेटी.

स्विचकडच्या टोकालाही अगदी हेच. दोन्ही केबली सारख्या. काम स्वच्छ आहे हो, तारा एका रांगेत.

---

मुक्काम_शारजा | बुधवार, रात्री ९.४४

अरे देवा. सापडलं.

---

घाटावरचा_गणू | बुधवार, रात्री ९.५०

काय सापडलं? आम्हाला पण सांगा की. दोन्हीकडे सारखं आहे म्हणजे चांगलंच ना?

---

केबलकाका | बुधवार, रात्री १०.५८

लिहायला वेळ लागला, बोटं म्हातारी झालीत.

गणू, तिथेच सगळे फसतात. केबलीत आठ तारा असतात, पण त्या आठ सुट्या नसतात, चार जोड्या असतात. पांढरी-केशरीला केशरीचा पीळ, पांढरी-हिरवीला हिरवीचा, तसंच निळी आणि चॉकलेटीचं. पीळ दिसायला बरा म्हणून घातलेला नाही. बाहेरचा गोंगाट, म्हणजे हीटर, ट्यूबचा चोक, शेजारची जोडी, जोडीतल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. पलीकडचं टोक फक्त दोघींमधला फरक वाचतं, त्यामुळे दोघींवर सारखा पडलेला गोंगाट वजा होऊन जातो. पण हे तेव्हाच, जेव्हा एका सिग्नलच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतील.

आता कनेक्टरकडे या. सिग्नलच्या जोड्या पिनांवर ठरलेल्या आहेत: १-२, ३-६, ४-५, ७-८. तिसरीची सोबतीण चौथी नाही, सहावी आहे! म्हणून रंगांचा बरोबर क्रम असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-चॉकलेटी, चॉकलेटी. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी बसते. डोळ्याला विचित्र दिसतं, पण तेच बरोबर.

शाईवाल्यांच्या माणसाने रंग नीटनेटके लावले, पांढऱ्याशेजारी तिचा रंग. त्यामुळे ३-६ वर आली पांढरी-हिरवी आणि निळी. या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, दोघी निरनिराळ्या पिळांत. तसंच ४-५ वर हिरवी आणि पांढरी-निळी. जोड्या फाटल्या. आम्ही याला स्प्लिट पेअर म्हणतो. बाहेरचा गोंगाट वजा होत नाही आणि या दोन सिग्नलांची एकमेकांत सरमिसळ होते ती वेगळीच.

मग टेस्टरचे आठ दिवे का लागले? कारण तो स्वस्तातला टेस्टर एवढंच विचारतो की इकडची तिसरी पिन तिकडच्या तिसऱ्या पिनेला पोचली का. पोचली की! दोन्ही टोकांना चूक सारखीच, म्हणून दिवे ओळीत. कोण कुणाला पिळलंय हे त्याला कळायला मार्गच नाही. त्याला महागडी सर्टिफिकेशनची यंत्रं लागतात, नाहीतर टॉर्च आणि चष्मा.

आणि जुन्या स्विचवर का चालत होतं? १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, १-२ आणि ३-६. १-२ धड होती. ३-६ फाटकी, पण पंचवीस मीटरांत १०० चा सिग्नल कसाबसा निभावतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात. गंमत म्हणजे 'आपण कुठल्या वेगाने बोलायचं' ही बोलणी होतात फक्त १-२ आणि ३-६ वर. तिथे दोघेही म्हणतात, गिगाबिट. बैठकीत बोलणी ठरतात, संसार मात्र चारही खोल्यांत करायचा असतो. तो जमत नाही, लिंक पडते, पुन्हा बोलणी. काही कार्डं दोन-चारदा हरल्यावर मुकाट १०० वर उतरतात, ते तुम्ही बघितलंतच.

नवा स्विच निर्दोष आहे. तिसरा घेतला असता तर तोही तुटला असता.

---

रिस्टार्ट_करून_बघा | बुधवार, रात्री ११.१०

माझं अर्थिंग मागे घेतो. काका, माझ्या पेटीत तोच आठ दिव्यांचा टेस्टर आहे आणि आजवर त्याच्यावर मी किती लोकांना 'केबल ठीक आहे' सांगितलंय हे आता मोजत नाही.

---

शाईवाला | बुधवार, रात्री ११.२५

म्हणजे पट्टी फोडून सगळी केबल बदलायची? गणपतीच्या आधी?

---

केबलकाका | बुधवार, रात्री ११.३१

छे. केबल तीच. फक्त दोन्ही टोकांचे कनेक्टर कापून नवे घाला, दोन्ही केबलींचे मिळून चार. हे सांभाळा: जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही. आठही टोकं एका रेषेत कापा. आत सारल्यावर कनेक्टरच्या समोरच्या काचेतून आठ तांब्याचे ठिपके दिसले पाहिजेत, मगच दाबा. बाहेरचं निळं-करडं आवरण कनेक्टरच्या पोटात जायला हवं, नाहीतर ओढ सगळी बारीक तारांवर येते. एक टोक बदलून बघू म्हणाल तर फसाल, मग क्रम जुळणारच नाही.

---

मुक्काम_शारजा | गुरुवार, सकाळी ७.४०

+१. झालं की मोठं पिंग मारा: 'पिंग -टी -एल ६५५००'. साधं पिंग ३२ बाइटचं असतं, फाटक्या केबलीतूनही निसटून जातं. याचे मात्र ४५ तुकडे होऊन जातात आणि एक हरवला तरी उत्तर येत नाही. फाइलींच्या संगणकाला मारा, काही राउटर एवढं मोठं पिंग घेत नाहीत.

---

निशिगंध | गुरुवार, सकाळी ८.०५

काकांचं चालू द्या, पण प्रिंटर सगळे विसरलात. तो पुढच्या खोलीत तयार केबलीवर आहे ना? मग त्याचा या फाटक्या जोड्यांशी संबंध नाही, तो दुसरा आजार. रोज ठरलेल्या वेळी जाणारी गोष्ट मला माणसांच्या येण्याजाण्याशी जोडलेली वाटते. साडेअकराला दुकानात कोण येतं?

प्रिंटरला हाताने पत्ता दिलाय का, आणि तो राउटरच्या आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांत येतो का, बघा. प्रिंटर गेला की काळ्या खिडकीत 'एआरपी -ए' द्या, कुठला पत्ता कुठल्या उपकरणाकडे आहे त्याची यादी येते. त्या पत्त्यासमोरचा बारा आकडी-अक्षरी मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाची स्वतःची ओळख, प्रिंटरच्या माहिती-पानावरच्या मॅकशी ताडून बघा.

---

शाईवाला | शुक्रवार, रात्री १०.१५

सविस्तर लिहितो, सगळ्यांचा हक्क आहे.

काल दुपारी ज्याने केबल टाकली होती त्यालाच बोलावलं. काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं असंच लावतोय, कधी तक्रार नाही." मी म्हटलं, इतकी वर्षं सगळ्यांकडे शंभरचाच स्विच असेल. तो गप्प बसला, मग स्वतःच शिडीवर चढला. पहिला कनेक्टर त्याने सवयीने परत जुन्याच क्रमाने लावायला घेतला, हिरवीशेजारी हिरवी. मी खालून ओरडलो, "निळी! निळी मधे!" चारही टोकं तासाभरात झाली. पैसे घेतले नाहीत, वर रंगांचा क्रम स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढून नेला.

काल संध्याकाळपासून आत्तापर्यंत दोन्ही संगणक एकदाही तुटले नाहीत. पट्टी तीच, हीटर तोच. मोठं पिंग फाइलींच्या संगणकाला रात्रभर चालू ठेवलं, एकही गळलं नाही. स्पीड १ जीबीपीएसवरून हललेला नाही. अर्थिंगवाला सोमवारी येतोय, तेही करून घेतो.

निशिगंधताई, तुमचं तर ऐकून हसू येईल. प्रिंटरचा पत्ता कधीकाळी हाताने १९२.१६८.१.१०५ दिलेला. राउटर १०० ते १९९ पत्ते वाटतो. साडेअकराला आमची नवी डिझायनर येते, कॉलेज करून. ती आली, मोबाइल वायफायला लागला, राउटरने तिला १०५ दिला. प्रिंटर तेव्हा झोपलेला असायचा. एआरपीमध्ये मॅक तिच्या फोनचा निघाला. बिचारी दोन महिने प्रिंटर होऊन फिरत होती. प्रिंटरला आता २० क्रमांक दिलाय, आणि सगळ्या संगणकांवर प्रिंटर पोर्टमध्येही बदलला. ते आधी विसरलो होतो, अर्धा तास गेला.

भाऊंचा बॅनर काल रात्री पुन्हा छापला. पूर्ण आले, मिशीसकट.

---

घाटावरचा_गणू | शुक्रवार, रात्री १०.३०

पण पहिल्या बॅनरचं काय केलंत? नाकापर्यंतचा फ्लेक्स उगाच फेकू नका, आमच्या गाडीवर पावसाळ्यात झाकायला चालेल.

अवांतर: मी आत्ता उठून घरच्या केबलीचे रंग वाचले. पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-केशरी, निळी, पांढरी-निळी, केशरी, पांढरी-चॉकलेटी, चॉकलेटी. काका, मेलो का?

---

केबलकाका | शुक्रवार, रात्री १०.४४

नाही गणू, जगलास. तो दुसरा मान्य क्रम आहे, हिरवी आणि केशरी जोडी जागा बदलून. ३-६ वर तुझी केशरी जोडी पूर्ण आहे. दोन्ही टोकांना तोच आहे ना, तेवढं बघ आणि झोप.

---

सावळागोंधळ | शुक्रवार, रात्री ११.०२

शाईवाला, तो जुना १०० चा स्विच आता पडूनच असेल ना? काय घ्याल?

---

शाईवाला | शुक्रवार, रात्री ११.०६

तुम्ही तर वायफायवाले!

विकायचा नाही. काकांनी साक्षीदार म्हटलंय, कपाटात ठेवलाय.